जिन्यावरचा गालिचा

शेजारच्या काकू स्वतःच्या घरच्या जिन्यावरून पडून गेल्या. त्यांच्या रक्षाविसर्जनाला जाऊन आले त्या दिवशी मी पहिल्यांदा आमच्या जिन्याकडे नीट पाहिलं. तोवर तो फक्त जिना होता, वरखाली जायचा.

काकूंचं वय काही फार नव्हतं. गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली येत होत्या. सकाळची अकराची वेळ, लख्ख ऊन, घरात तीन माणसं. तिघांनाही आधी वाटलं, कुणीतरी गादी टाकली. मी घरी आले, दारात पायावर पाणी घेतलं आणि तशीच ओल्या पायानं वर निघाले. पहिल्याच पायरीवर पाय सटकला. पडले नाही, कठडा हातात आला. पण नंतर बराच वेळ मी तिथंच बसून राहिले. पायरी हातानं चाचपून पाहिली. काचेसारखी गुळगुळीत होती.

आमचा जिना सागवानी. चौदा पायऱ्या, मध्ये एक वळण. सासऱ्यांनी तो स्वतःच्या हातानं केलेला. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्न मेकर होते. म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात हुबेहूब करावा लागतो, मग त्यावरून वाळूत साचा घेतात. ते लाकूडकाम मामांचं. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकडाचा नग जरासा मोठा ठेवायचा. किती मोठा, हे मामांच्या बोटांना पट्टीशिवाय कळायचं, असं त्यांच्या बरोबरची माणसं सांगतात. घर बांधताना सगळ्या गल्लीनं जिन्याला ग्रॅनाइट घातलं. मामा म्हणाले, "दगडावर चढायला मी काय जोतिबाला निघालोय?" आणि सुट्टीचे दिवस घालून वर्षभरात त्यांनी हा जिना उभा केला. दरवर्षी दिवाळीच्या आधी ते त्याला पॉलिश करायचे. घरात कुणी आलं की सासूबाई आधी पाणी द्यायच्या आणि मामा आधी जिना दाखवायचे.

काकू गेल्यानंतर पंधरा दिवसांत माझी मुलगी पडली. ती सहा वर्षांची. शाळेचे मोजे घालून धावत खाली आली, वळणावर घसरली आणि चार पायऱ्या पोटावर खाली आली. हनुवटी फुटली. तीन टाके पडले. डॉक्टर टाके घालताना ती रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मला मात्र तिच्या जागी काकूंचा झाकलेला चेहरा दिसत होता.

त्या दिवशी जेवताना मी विषय काढला.

"जिन्याला गालिचा घालूया."

मामांचा घास हातातच राहिला. "कशाला?"

"सगळ्यांचाच पाय घसरायलाय, मामा."

"पॉलिश बंद करतो की."

"पॉलिश खरवडलं तरी सागवान गुळगुळीतच राहणार."

"गालिचा न्हाय घालायचा." मामांनी ताट थोडं पुढं सारलं. "लाकूड झाकायचं न्हाय. पायाला लाकूड कळतंय. चिंध्या कळत न्हाईत."

माझा नवरा मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. वाद झाला की तो दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक समजतो. तो म्हणाला, "बाबा, पोरीच्या हनुवटीला टाके पडलेत." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "त्यांनी किती हौसेनं केलाय ते तूही बघ की." आणि उठून हात धुवायला गेला.

मला मामांचा राग आला. खरं सांगते, मनातल्या मनात मी म्हटलं, या माणसाला नातीच्या हनुवटीपेक्षा आपल्या लाकडाचं कौतुक जास्त.

आता मागे वळून बघते तर त्या दिवसांतल्या किती गोष्टी दिसतात. तेव्हाही दिसत होत्या. मामा चहाची कपबशी टेबलाच्या अगदी काठावर ठेवायचे, दोनदा ती खाली पडून फुटली. त्यांनी स्कूटर चालवायचं सोडलं होतं. म्हणायचे, गुडघा दुखतो. दिवेलागणीच्या आत घरी यायचे, मग कुणाच्या घरी कितीही गप्पा रंगलेल्या असोत. रोजचा पेपर ते माझ्या मुलीकडून वाचून घ्यायचे आणि आम्हाला वाटायचं, आज्जा नातीचं वाचन पक्कं करून घेतोय. नेसरीला एका लग्नात पंगतीतून जाताना त्यांनी एका बाईच्या भरल्या ताटात पाय दिला. ती बाई खूप बोलली. मामा मान खाली घालून उभे राहिले. 

बाजूनं जाऊन हाक मारली तर ते दचकायचे. अंगावर पाल पडावी तसे.

सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, त्यांच्यामागं मामांचं लक्ष उडालंय, असा मी अर्थ लावला होता. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. दहावीच्या पोरांना मानवी डोळ्याची आकृती फळ्यावर काढून दाखवते. खडूनं भिंग काढते, पडदा काढते, चेता काढते. आणि घरी येऊन मामांना चहा द्यायची आणि कप काठावर का ठेवता म्हणून ओरडायची.

गालिच्याचा विषय मी सोडला नाही. दर चार दिवसांनी तो निघायचाच. एकदा पोरगी जिन्यावर उभी राहून आरशात बघावं तशी वाकून आपली टाक्यांची खूण त्या पॉलिशमध्ये बघत होती. मी मामांना बोलावलं, तिच्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "उद्या हिचं डोकं फुटलं तर तुम्ही काय करणार मामा? जिना दाखवणार लोकांना?"

हे असं बोलायला नको होतं. आमच्यात सून सासऱ्याला असं बोलत नाही. मामांनी नातीला जवळ बोलावलं, तिच्या हनुवटीवरून अंगठा फिरवला, जसा ते रंध्यानं तासलेल्या लाकडावरून फिरवायचे. मग म्हणाले, "घाला."

त्या दुपारी मी स्वयंपाकघरातून पाहिलं तर मामा जिना चढत-उतरत होते. एकदा, दोनदा, सात-आठ वेळा. एक हात कठड्यावर, दुसरा भिंतीवर. प्रत्येक पायरीवर थांबत होते. मला वाटलं, आपल्या कामाचा निरोप घेतायत. मला जरा वाईट वाटलं, आणि जिंकल्याचं बरंही वाटलं.

शाहूपुरीत सोफ्याचं आणि गालिच्याचं काम करणारे एक चाचा होते. त्यांचं सगळं आयुष्य या कामात गेलेलं. मी त्यांच्याकडे गेले तर त्यांनी आधी जिना कसा आहे ते विचारलं, उजेड कुठून येतो ते विचारलं, घरात म्हातारं माणूस आहे का ते विचारलं. मग साध्या रंगाचे तीन-चार तुकडे काढून समोर ठेवले. मला त्यांच्यामागं ठेवलेला एक आवडला. गडद तपकिरी, त्यावर वेलबुट्टी. मळ दिसणार नाही, असा माझा हिशोब.

"ताई, ही नक्षी खोलीला चांगली," चाचा म्हणाले. "जिन्याला साधा रंग घ्या. नक्षीत एक पायरी कुठं संपली अन् दुसरी कुठं सुरू झाली, नजरेला कळत न्हाई."

"आमच्याकडं भरपूर उजेड असतो, चाचा."

"बघा. तुमचं घर हाय."

तिसऱ्या दिवशी ते आले. दिवसभर काम चाललं. आधी खाली मऊ थर अंथरला, त्यावर गालिचा ताणून प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात चुका, म्हणजे बारीक खिळे, मारल्या. खरंच सांगते, त्यांच्या कामात खोट नव्हती. कुठं सुरकुती नाही, कुठं ढिला नाही. मामा सगळा वेळ खालच्या खुर्चीवर बसून होते. चुका ठोकल्याचा प्रत्येक आवाज ऐकत होते. मी शाळेतून आले तेव्हा काम उरकत आलं होतं. चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुमच्या सासऱ्यांनी मला दिवसभरात एकच विचारलं. म्हणाले, कड कशी कळणार?"

"कसली कड?"

"पायरीची. मऊ गालिचा दुमडून खाली जातो, त्यामुळं कड बोथट होती. पायाला लागत न्हाई. मी म्हणतो, प्रत्येक कडेला पिवळी रबरी पट्टी मारून देतो. नजरेलाही दिसंल, पायालाही लागंल. तासाभराचं काम."

त्यांनी पिशवीतून नमुना काढून दाखवला. भडक पिवळा. मी वेलबुट्टीवर तो धरून पाहिला.

"नको चाचा. एसटी स्टँडासारखं दिसंल."

चाचांनी पट्टी गुंडाळून पिशवीत टाकली. "मी सांगायचं काम केलं," म्हणाले. मग चहा घेऊन गेले.

गालिचा घातल्यावर घर बदललं. आधी तो बदल मला चांगला वाटला. पोरगी धावली तरी घसरायची नाही. पाय गार लागायचे नाहीत. पण चार-पाच दिवसांनी लक्षात आलं की घरातला एक आवाज गेलाय. पूर्वी कोण जिना उतरतंय हे मला ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून कळायचं. नवऱ्याची दाणदाण, पोरीची टपटप, मामांचा सावकाश, एकसारखा ठेका. आता माणूस एकदम मागं येऊन उभा राहायचा. मामा तर सावलीसारखे येत. मी दोनदा किंचाळले. दोन्ही वेळा ते म्हणाले, "मीच हाय गं."

आणखी एक गोष्ट. जिना उतरताना ते काहीतरी पुटपुटायला लागले होते. ओठ हलायचे, आवाज नसायचा. मी समजले, नामस्मरण करतायत. बाई गेल्यावर माणूस देवाकडे वळतो. एक-दोनदा दत्तजयंतीला नृसिंहवाडीला जाऊया का म्हणून मी त्यांना विचारलंही. ते म्हणाले, "बघू." मला त्या पुटपुटण्याचं बरं वाटायचं. त्यातच कधीतरी दुपारी झोपेत मला जिना दिसायचा, वेलबुट्टी हलत असल्यासारखी. उठून मी पाणी प्यायचे आणि कामाला लागायचे.

गालिचा घालून बावीस दिवस झाले होते. रविवार होता. नवरा गाडी धूत होता, पोरगी हॉलमध्ये रंगवत बसली होती. मी चहा गाळून ठेवला. मामा वर होते. त्यांची खोली वरच, तिथं त्यांची हत्यारांची पेटी, खिडकीपाशी छोटं बाक. अजूनही ते काहीबाही तासत बसायचे. दोन मिनिटं झाली, पाच झाली. चहावर साय धरली. मी तिथूनच मोठ्यानं ओरडले, "मामा, चहा गार व्हायलाय!"

"आलो की!"

आवाज जिन्यातूनच आला, म्हणजे ते उतरतच होते.

मग लाकूड मोडल्याचा आवाज आला. फक्त तेवढाच. माणूस पडल्याचा आवाज गालिच्यानं गिळला. कठड्याची एक काठी मोडली तिचा कडकन आवाज, आणि मग पोरगी म्हणाली, "आई, आज्जा झोपले."

ते जिन्याच्या पायथ्याशी कुशीवर पडले होते. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, जसा पाय वळू शकत नाही तसा. तोंड पांढरं फटक. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ते ओरडले नाहीत. माझ्याकडे नाही, जरा माझ्या बाजूला बघत त्यांनी विचारलं, "चौदा झाल्या होत्या का गं?"

"काय मामा?"

"चौदा झाल्या होत्या का?"

मला वाटलं, डोक्याला मार लागलाय, बरळतायत. नवरा ओल्या हातानं धावत आला. तीच गाडी काढली. पोरीला काकूंच्या सुनेकडे सोडलं, ज्या घरातून दोन महिन्यांपूर्वी काकूंना नेलं होतं, त्याच घरात.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, ठीक झालं. पण तिसऱ्या दिवशी हाडांचे डॉक्टर राउंडला आले असताना नर्सनं डाव्या बाजूनं औषधाच्या गोळ्या पुढं केल्या. मामा समोर बघत राहिले. नर्सनं हात हलवला. मामा समोरच. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं.

त्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी मशीनवर तपासणी नंतर केली. आधी नुसतं बोट घेतलं. म्हणाल्या, "आजोबा, माझ्या नाकाकडं बघा. बोट दिसलं की सांगा." आणि बोट कानाच्या बाजूनं हळूहळू पुढं आणायला लागल्या. मी शेजारी उभी होते. मला ते बोट पहिल्यापासून दिसत होतं. ते मामांच्या कानापासून पुढं आलं, गालापर्यंत आलं, डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत आलं. मामा गप्प. बोट जवळजवळ त्यांच्या नाकासमोर आलं तेव्हा ते म्हणाले, "हां. दिसलं."

मग बोट खालून वर आणलं. तेही तसंच.

डॉक्टर बाई मला बाहेर घेऊन जाणार होत्या, पण मामा म्हणाले, "इथंच बोला."

"काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना, बराच पुढं गेलेला. समोरचं थोडं दिसतं, नळीतून बघावं तसं. कडेचं आणि खालचं गेलेलं आहे. यांना आपले पाय दिसत नाहीत. जिन्याची पायरी तर दिसतच नसणार."

"मग ते इतके दिवस उतरत कसे होते?" मी विचारलं.

डॉक्टर बाईंनी मामांकडे पाहिलं.

"पायानं," मामा म्हणाले.

त्या दुपारी नवरा औषधं आणायला गेला होता. खोलीत आम्ही दोघंच. मामा छताकडे बघत बोलत होते, मी विचारीन त्याचं उत्तर देत होते.

"कधीपासनं दिसत नाही?"

"चार वर्सं झाली की. गावच्या यात्रेत डोळ्यांचं शिबिर होतं. तिथं सांगितलं त्यांनी. थेंब दिले. संपल्यावर आणले न्हाईत."

"का?"

"तुझी सासू अंथरुणाला खिळलेली. तिला काय सांगायचं? ती गेल्यावर सांगायचं म्हटलं तर ते राहूनच गेलं. सांगितलं असतं तर तुम्ही मला खाली आणून बसवलं असतं. वरची खोली गेली असती."

"आणि जिना?"

"जिन्याची कड मी गोल केली न्हवती, ठसठशीत ठेवली होती. अंगठ्याला लागायची. वळणावरची पायरी जरा रुंद, ती टाचेला कळायची. शेवटची वाजायची येगळी, तिच्याखाली पोकळ हाय." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "डोळं मिटून उतरत होतो म्हण की."

मी म्हटलं, "मग गालिच्याला हो का म्हणालात, मामा? एकदा सांगायचं तरी."

"पोरीची हनुवटी बघितली. म्हटलं, मोजून उतरीन. चौदाच तर हायत."

मग मला कळलं की ते नामस्मरण नव्हतं.

"मी हाक मारली," मी म्हटलं.

"व्हय." मामा जराही कडवट न होता म्हणाले, काम समजावून सांगावं तसं. "अकराव्या पायरीवर होतो. तुला ओ दिली. मग फुडं न्हाय आठवत कितवी ते. मला वाटलं, जमीन आली."

मी रडायला लागले. त्यांनी हात पुढं केला, तो माझ्या डोक्याच्या बाजूला हवेत फिरला, मग सापडलं डोकं. "गप," म्हणाले. "त्याला आता काय इलाज न्हाय."

एवढं सगळं बोलणं झालं, पण पिवळ्या पट्टीचं मी त्यांना सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही. चाचांनी त्यांना सांगितलं असेल का, माहीत नाही. मामांनी कधी विचारलं नाही आणि मी त्यांच्या चेहऱ्यावरून ते ओळखू शकत नाही, कारण हल्ली त्यांची नजर माझ्यावर नीट पडतच नाही.

गालिचा काढायला चाचाच आले. मी फोनवर काय घडलं ते सांगितलं होतं. त्यांनी प्रत्येक चूक पक्कडीनं हळूच उपसली, लाकडाला ओरखडा पडू नये म्हणून. मोडलेली काठी उचलून पाहिली, बाजूला ठेवली. पट्टीचा विषय त्यांनी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. दोन शब्द ऐकवले असते तर मला कुठंतरी उभं राहायला जागा मिळाली असती. जाताना फक्त म्हणाले, "हा गालिचा मी दुसरीकडं देणार न्हाई, ताई," आणि गुंडाळी खांद्यावर टाकून गेले.

आता जिन्याच्या प्रत्येक कडेला पिवळी पट्टी आहे, भिंतीच्या बाजूलाही कठडा आहे. एसटी स्टँडासारखंच दिसतं. मामा मात्र तो जिना पुन्हा चढले नाहीत. महिना-दीड महिन्यानं ते वॉकरवर चालायला लागले, खालच्या खोलीत त्यांची कॉट टाकली, हत्यारांची पेटी खाली आणली. ती ते उघडत नाहीत. थेंब आता वेळेवर पडतात, पण गेलेलं परत येत नाही, हे डॉक्टर बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उजव्या डोळ्यातलं उरलेलंही कमी व्हायला लागलंय. एकदा मी दुपारी घरी आले तर ते पायथ्याशी खुर्ची ओढून बसले होते आणि पहिल्या दोन पायऱ्यांवरची चुकांची भोकं बोटांनी मोजत होते.

"लाख भरून घे यात," म्हणाले. "पाणी जाईल आत."

मी भरून घेतली.

डॉक्टर बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. निघताना, दारातून मागं वळून, नवऱ्याला. "हा आजार घराण्यात उतरतो. तुम्ही तपासून घ्या. पुढं-मागं नको, लगेच." नवरा म्हणाला, "हो, घेतो की." तो बेचाळीस वर्षांचा आहे.

त्यानंतर दुकानाचा सीझन आला. मग मार्चअखेर आली. मग कुणाचं तरी लग्न. मी आठवण केली की तो म्हणायचा, "मला सगळं स्वच्छ दिसतंय. सुईत दोरा ओवून दाखवू?" आणि खरंच ओवून दाखवायचा. मी मात्र त्याच्याकडे बघायला लागले. जेवताना त्याचा हात पाण्याच्या तांब्याला लागला की मी तांब्या उचलून लांब ठेवायचे. तांब्या तर माझ्या हातूनही सांडतो, पण आता ते सांगून उपयोग नव्हता. गाडी गल्लीत वळवताना एकदा डाव्या बाजूनं शेजारच्यांच्या फाटकाचा खांब घासला. तो उतरून दाराला पडलेला चरा बघत म्हणाला, "हा खांब इथं कधी बांधला यांनी?"

खांब वीस वर्षं तिथंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली, त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले आणि गिऱ्हाइकासमोर म्हटलं, "चला." तो चिडला, पण आला. डॉक्टर बाईंकडं त्याला डोकं एका मशीनमध्ये घालून बसवलं. बारीक उजेडाचे ठिपके इकडेतिकडे उमटतात, दिसला की बटण दाबायचं. मी बाहेर बसून त्या बटणाचा आवाज ऐकत होते. टक्, टक्, टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्. 

डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. डाव्या डोळ्याच्या कडेचा थोडासा भाग गेलेला आहे. लवकर आलात, डॉक्टर बाई म्हणाल्या, थेंब चुकवायचे नाहीत, बहुतेक आहे ते टिकेल. "बहुतेक" हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. मुलीलाही मोठी होताना अधूनमधून दाखवत जा, म्हणाल्या. बरोबर आणलेली पोरगी तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात बारीक अक्षरं मोठ्यानं वाचत होती.

घरी येऊन नवऱ्यानं मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "माझ्यासारखं करू नगंस." त्या दिवशी त्यांनी जेवण अर्धवट सोडलं.

आता संध्याकाळी दिवा लागला की मी दोघांच्या डोळ्यांत थेंब घालते, आधी मामांच्या, मग नवऱ्याच्या. त्यानंतर नवऱ्याला समोर बसवते आणि डॉक्टर बाईंनी शिकवलंय तसं करते. त्याला ते आवडत नाही, पण बसतो. "माझ्या नाकाकडं बघा. बोट दिसलं की सांगा." मी हात त्याच्या कानामागं नेते, जिथून कुणालाच दिसायचा नाही, आणि तिथंच थांबते.

"दिसलं," तो म्हणतो.

काल तो हे म्हणाला तेव्हा मी अजून बोट वर केलंच नव्हतं. मूठ बंद होती. पुन्हा म्हटलं, "नाकाकडं बघा," आणि पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं.